करवंदी इंजिनाची रेघ

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

आज पुण्याहून निरोप आला. डिसेंबरच्या सात तारखेला मॉडेल रेल्वेवाल्यांचं प्रदर्शन आहे आणि त्यात आमच्या पवना खोरे रेल्वेला चार फुटांचं टेबल मिळालंय. तीस वर्षं लोक आम्हाला वेडे म्हणत आले. आता वेडाला टेबल मिळालं.

माझी बायको चंद्रिका म्हणते, तुमची वही उद्या कुणी उघडली तर त्याला ओ की ठो कळणार नाही. तेव्हा एकदाच नीट लिहून ठेवतो. पवना खोरे रेल्वे नावाची रेल्वे जगात कुठेही नाही. लोणावळ्याहून निघून दुधिवरे खिंडीतून पवनेच्या खोऱ्यात उतरणारी ही गाडी मी आणि कैलासने १९९४ साली रनिंग रूमच्या, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीतल्या, बाकावर चहा पिताना सुरू केली. इंजिनं विलायती, वाफेची, वीतभर लांबीची. जुन्या बाजारातून, बंगल्यांच्या माळ्यांवरून जमवलेली. ती परक्या कंपन्यांच्या रंगात येतात. आम्ही तो रंग उतरवतो आणि आमच्या कंपनीचा चढवतो. पॅसेंजरला भातखाचराचा हिरवा आणि हळदी रेघ. मालगाडीला राखाडी. एक्स्प्रेसला करवंदी, म्हणजे पिकलेल्या करवंदाचा काळपट जांभळा, आणि त्यावर सायीच्या रंगाची रेघ. वेळापत्रक आहे, शिक्के आहेत, रजिस्टर आहे. रजिस्टरातला चौथा नियम: दोघांच्या सहीशिवाय कोणत्याही इंजिनाचा रंग उतरवू नये.

मी रेल्वेत छत्तीस वर्षं स्टेशनांच्या पाट्या रंगवल्या, पिवळ्यावर काळं. माझं अक्षर सूतभर हललेलं कुणी दाखवावं, मी मिशा काढीन. म्हणून कंपनीत रंग आणि अक्षरं माझी. रेघा मात्र कैलासच्या. तो घाटात बँकर चालवायचा, म्हणजे कर्जतहून गाडीला मागून रेटा देत वर आणणारं इंजिन. ड्रायव्हरचे डोळे म्हणजे त्याचं पोट, आणि कैलासचे डोळे साठाव्या वर्षी निवृत्त होतानाही तपासणीत ए-वन. केसाएवढी रेघ वीतभर ओढायचा, मध्ये ब्रश न उचलता.

संध्याकाळी त्याला फोन केला. सहा इंजिनं तयार आहेत, सातवं, एक्स्प्रेसचं, राहिलंय. तर म्हणाला, "माधवराव, सातवं मी येकटा करतो. रंग बी माझा, रेघ बी माझी. अक्षरं तेवढी तुमी टाका."

तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "ती गाडी वडाच्यावाडीला थांबती न्हवं का. म्हणून." वडाचीवाडी त्याचं आजोळ. तो दहा-बारा वर्षांचा असताना पवनेच्या धरणात गेलं. आमच्या नकाशात धरण नाही, त्यामुळे एक्स्प्रेस तिथे दोन मिनिटं थांबते. मी हो म्हणालो, पण मनाला लागलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

कैलास इंजिन न्यायला आला. मोटारसायकल नाही, शेअर जीपने. गुडघा धरतोय म्हणाला. बूट काढताना उंबऱ्याला ठेचकाळला, आणि आत येऊन बसतो न बसतो तोच डाव्या हाताने थिनरची बाटली आडवी केली. बाटली समोर, टेबलावर, दिवसाढवळ्या. माझी तीन जुनी डिकल्स, म्हणजे इंजिनावर चिकटवायची छापील अक्षरं, भिजून लगदा झाली.

मी बोललोच. "कैलास, घाटात गाडी अशीच चालवायचास का रे?"

तो हसला नाही. नेहमी हसतो. चंद्रिकाने चहा ठेवला, तोही त्याने बराच वेळ घेतला नाही. शेवटी तिने कप उचलून त्याच्या हातात दिला. हा काय पाहुणचार? मी इतकी वर्षं घरात आहे, मला कधी कुणी कप हातात दिला नाही. जाताना रंगाच्या डब्या पुन्हा पुन्हा हातात घेऊन विचारत होता, "ह्यो करवंदी न्हवं? आन ही साय?" डबीवर मी स्वतः पाटीच्या अक्षरात लिहिलंय. माणसाचं लक्षच नाही कामात.

३० ऑगस्ट, शुक्रवार

बाहेर आठवडाभर धुकं. प्रायमर वाळत नाही, रंगावर पांढरी झाक येते. कैलासचा फोन नाही. मी केला तर सारिकाने, त्याच्या सुनेने, उचलला. "आबा कामात हायेत," म्हणाली. कसल्या कामात, तर तुमच्याच इंजिनाच्या. सकाळी ऊन असेल तेवढाच वेळ बसतात म्हणे. लोणावळ्यात ऑगस्टमध्ये ऊन! दिवे लावायला काय झालं?

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीच्या दर्शनाला कैलासच्या घरी, कुरवंड्याला गेलो. कैलास पडवीच्या तोंडाशी पाटावर बसला होता. इंजिन नाकाला टेकेल इतकं जवळ, आणि मान अशी वाकडी की पाहून माझीच दुखायला लागली. मी अंगणात पाच-सहा पावलांवर उभा राहिलो. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ओळख नाही, या-बसा नाही. मी हाक मारल्यावर दचकून म्हणाला, "आरं, माधवराव! कवा आलात?"

हे असं. प्रदर्शनाचं पत्र आल्यापासून याच्या डोक्यात हवा गेलीय की काय, मला कळेना.

निघताना सारिका फाटकापर्यंत आली. "काका, येक सांगायचं हुतं," म्हणाली. तेवढ्यात आतून कैलास ओरडला, "सारिका, मोदक बांधलंस का?" आणि ती आत गेली. मोदक छान होते.

२२ सप्टेंबर, रविवार

इंजिन आलं.

काय लिहू? रंग बरा बसलाय, एक-दोन जागी जाड. पण रेघ! बॉयलरच्या डाव्या अंगाने निघाली ती मध्ये खाली उतरली, मग वर चढली, एका पट्टीपाशी थांबून गाठ झाली, पुढे दुप्पट जाड. उजवीकडे तर त्याहून वाईट. शाळेतल्या पोराने ओढली असती तर मी कान पिळला असता. ज्याने कंपनीच्या सहा इंजिनांवर रेघा ओढल्या त्याची ही रेघ?

तो समोर बसून होता, हात मांडीवर. "कशी झालीया?"

"ठीक आहे."

"तसं नका. नीट बघून सांगा."

"ठीक आहे म्हटलं ना," मी म्हणालो. तोंडावर काय सांगणार? प्यायला लागलाय की काय, अशीही शंका आली. वास तर नव्हता. किंवा आता त्याला या सगळ्याची किंमत उरलेली नाही. निवृत्तीनंतर माणसं सैल होतात.

"मला लय आवडलंय ते," तो म्हणाला. "आता माझं काम झालं, माधवराव." जीपपर्यंत चंद्रिका त्याच्याबरोबर गेली. हिला हल्ली त्याचा फारच पुळका.

प्रदर्शनवाल्यांना पाठवायला डाव्या बाजूचा एक फोटो काढला. पाठवला नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

चार दिवस इंजिन कपाटात होतं आणि चारही दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. डिसेंबरच्या सात तारखेला शंभर माणसं बघणार. पाटी माझ्या अक्षरात, आणि वर ही रेघ. लोक कैलासला हसतील, मला ते सहन व्हायचं नाही. (खरं लिहायचं तर मलाही हसतील.)

तर आज फक्त रेघ पुसायला घेतली. थिनरचं बोट फिरवलं, तर खालचा करवंदी सुटला. कोट नीट वाळायच्या आत दुसरा दिलेला. मग एका जागी पितळ उघडं पडलं, ते झाकायला आणखी थोडं काढलं, आणि दुपारपर्यंत इंजिन कोड फुटल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी अख्खंच जंतुनाशकात बुडवलं. जखमेवर लावतात तेच. त्यात रंग सालीसारखा निघतो. घरभर दवाखान्याचा वास.

चौथा नियम ठाऊक आहे. पण त्याला सांगून काय करायचं होतं? तुझी रेघ वाकडी आहे, सही दे? न सांगणं हीच दया, असं मी ठरवलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

झालं. करवंदीचे तीन हात, सायीची रेघ रूलिंग पेनने. मला नऊ वेळा पुसावी लागली, कैलासला एकदाच लागायची. पण बसली. भिंगाखाली पाहिली, कुठे श्वाससुद्धा दिसत नाही. ‘प. खो. रे. ७’ अक्षरं टाकली. कार्डही लिहून ठेवलं: रंग व रेघ, कैलास. श्रेय त्याचंच. मी काही चोर नव्हे.

चंद्रिका बराच वेळ पाहत उभी होती. "त्यांना विचारलंत?"

"बरं दिसतंय ना? मग?"

"मी तुम्हाला दिसण्याचं नाही विचारलं," म्हणाली आणि आत गेली.

१२ ऑक्टोबर, दसरा

दसऱ्याला आम्ही हत्यारं पुजतो. ब्रश, रूलिंग पेन, भिंग आणि सातही इंजिनं पाटावर मांडायची, झेंडूचं फूल वाहायचं, त्या दिवशी कशालाही रंग लावायचा नाही. तीस वर्षांचा पायंडा आहे. कैलास आपट्याची पानं घेऊन आला, बरोबर सारिका.

पूजा झाली की तो प्रत्येक इंजिनाला हात लावून नमस्कार करतो. आज एकेक इंजिन हातात घेऊन अंगठ्याचं नख रेघेवरून फिरवत होता. पहिलं, दुसरं, तिसरं. तोंडावर हसू. "ही सत्त्याण्णवची. ही रातपाळीच्या वक्ताची." न बघता सांगत होता, आणि मला गंमत वाटत होती.

सातवं हातात घेतलं. नख डावीकडून उजवीकडे गेलं. परत डावीकडे आलं. मग त्याने इंजिन फिरवून दुसरी बाजू चाचपली.

"ही रेघ माझी न्हाई."

मी म्हणालो, "थोडी दुरुस्ती केली रे. वाळताना जरा—"

"रंग बी माझा न्हाई."

त्याने इंजिन पाटावर ठेवलं, म्हणजे ठेवायला गेला आणि ते पाटाच्या कडेला आपटलं. सारिकाने धरलं. "चल गं," तो तिला म्हणाला. तिने त्याचा हात धरला आणि तो उठला. तेव्हा, आज पहिल्यांदा, मी पाहिलं की तो तिच्या हातावाचून चालत नाही.

आपट्याची पानं त्याच्या खिशातच राहिली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

कुरवंड्याला गेलो. कैलास घरात होता, बाहेर आला नाही. सारिका अंगणात भात वाळवत होती. हातातलं काम न थांबवता बोलली.

"दीड वरीस झालं, काका. डावा डोळा गेलाच हुता, त्यास्नी कळलं बी न्हाई. उजव्यावर भागत हुतं. मग उजव्याची कड जाया लागली. थेंब चालू हायेत."

"अगं, मग ऑपरेशन करू. पुण्याला नेतो, माझ्या ओळखीचे—"

"मोतीबिंदू असता तर केलं असतं की. ह्यो काचबिंदू हाय. गेलं ते येत न्हाई म्हणालं डाक्टर. उरलंय ते किती दिस, ते बी सांगता येत न्हाई."

"मला का नाही सांगितलं?"

"आबांनी शपथ घातली हुती." आता ती थांबली. "म्हणायचं, माधवरावास्नी कळलं तर मला रेघ वढू देणार न्हाईत. सोताच वढतील."

सव्वा महिना तो त्या पाटावर बसत होता. ऊन पडवीत यायचं तेवढी घटकाभर. एका दिवशी बोटभर रेघ व्हायची, एखाद्या दिवशी तीही नाही. डोळ्यांनी शेवटचं काही करायचं, तर हे करायचं, असं म्हणाला होता.

आतून खोकल्याचा आवाज आला. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही सुरुवातीपासून वाचली. थिनरची बाटली. उंबरा. चहाचा कप. डब्यांवरची नावं. अंगणात मला न ओळखणं. सगळं माझ्याच हाताने, तारीख घालून, पाटीसारख्या अक्षरात लिहिलंय, आणि मला वाचता आलं नाही. ए-वन! साठाव्या वर्षीच्या तपासणीचा दाखला मी सहासष्टाव्या वर्षी धरून बसलो होतो. रेल्वेतला माणूस ड्रायव्हरच्या डोळ्यांवर शंका घेत नाही, ते आम्ही शिव्या दिल्यासारखं मानतो. त्याची मान वाकडी दिसली, प्यायला असेल म्हणालो, पण डोळे हा शब्द माझ्या डोक्यात आला नाही.

चंद्रिकाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "माहीत नव्हतं. दिसत होतं."

त्याने आयुष्यातली शेवटची रेघ ओढली आणि मी ती जंतुनाशकात बुडवून, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासून, न्हाणीघराच्या मोरीत सोडली. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

२१ ऑक्टोबर, सोमवार

एक मार्ग सुचलाय. माझ्याकडे फोटो आहे.

माझा रंग मी उतरवणार. पुन्हा करवंदी देणार, त्याच्यासारखाच एक-दोन जागी जाड. आणि त्यावर त्याची रेघ ओढणार, फोटोत आहे तशी. जिथे खाली उतरली तिथे खाली, जिथे गाठ झाली तिथे गाठ. मग त्याला सांगणार की दसऱ्याला पाहिलंस ते त्याच जातीचं दुसरं इंजिन होतं, तुझं मी जपून ठेवलंय. तो बोटांनी पाहील. बोटांना पटेल.

चंद्रिका म्हणाली, "त्यांची नजर गेलीय, अक्कल नाही."

पण मला काही तरी करायला हवं. नुसतं बसून राहिलो तर मी वेडा होईन.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

वाकडी रेघ ओढता येत नाही मला. हसू येईल, पण खरंच येत नाही. हात आपोआप सरळ जातो. मुद्दाम वाकडी केली की मुद्दाम केल्यासारखी दिसते. त्याची रेघ वाकडी नव्हती. ती सरळ जायला निघाली होती आणि डोळ्यांनी साथ सोडली, तरी ती पुढे जात राहिली. काल रात्री हे लक्षात आलं आणि झोप उडाली. आज डोळे अर्धे मिटून ओढून पाहिली. थोडी जमली.

उजव्या बाजूचा फोटो नाही. ती बाजू जगात कुणाकडेच नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

आज नेलं. एकवीस दिवस लागले.

कैलास पडवीत बसला होता. दसऱ्यानंतर आज पहिल्यांदा आमचं बोलणं झालं. मी ठरवलेलं सगळं भडाभडा सांगितलं, दुसरं इंजिन वगैरे. तो ऐकत होता. मग हात पुढे केला.

डावी बाजू पाहायला त्याने फार वेळ घेतला नाही. उजवीवर अंगठा बराच वेळ थांबला. आत सारिकाने नळ सोडला होता, तेवढाच आवाज.

"व्हय," तो म्हणाला. "माझीच हाय."

माझ्या जिवात जीव आला. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "लय तरास घेतलात, माधवराव."

"छे, त्रास कसला? रिक्षाने तर आणलं."

तेव्हा तो हसला, कितीतरी दिवसांनी. "बरं. रिक्षाचा तर रिक्षाचा." मग सारिकाला हाक मारून चहा टाकायला सांगितला. प्रदर्शनाला येणार म्हणाला. परत येताना मला वाटलं, सुटलो. चंद्रिकाला सांगितलं, त्याला पटलं. ती म्हणाली, "असं का," आणि भाजी निवडत राहिली.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळीच सारिकाच्या भावाच्या गाडीने पुण्याला गेलो. हॉलमध्ये गर्दी होती. टेबलावर सात इंजिनं, वेळापत्रक, नकाशा, धरणाशिवायचा. कैलास माझ्या शेजारी खुर्चीवर. उजव्या डोळ्याला आता उजेड कळतो, आकार कळत नाही. लोक विचारायचे, ही रेल्वे कुठे होती हो? आणि कैलास सांगायचा, वडाच्यावाडीला दोन मिण्टं थांबायची. त्याला फार मजा येत होती. मलाही येत होती.

अकराच्या सुमारास एक जाणकार गृहस्थ आले, भिंग बरोबर घेऊन. पहिलं इंजिन पाहिलं, वा म्हणाले. सहाही इंजिनांना वा म्हणाले. सातव्यापाशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग माझं कार्ड मोठ्याने वाचलं. "रंग व रेघ, कैलास. बाकीच्या रेघाही यांच्याच ना? मग इथे काय झालं? हे तर अगदीच..." आणि त्यांनी शब्द शोधत हात हलवला.

कैलास ताठ बसला होता. हात मांडीवर, बावीस सप्टेंबरला माझ्या घरी होते तसेच. तेव्हा त्याने मला बघून सांगा म्हटलं होतं, आणि मी ठीक आहे म्हणालो होतो.

मी म्हणालो, "कार्ड चुकलंय."

"म्हणजे?"

"ही रेघ माझी आहे. मी ओढलीय. त्याची रेघ यावर होती, ती मी न विचारता उतरवली. आणि मग मला तशी ओढता आली नाही." आवाज मोठा झाला असावा, शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. खिशातलं पेन काढून मी कैलासचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. छत्तीस वर्षांत माझ्या पाटीवर खाडाखोड झाली नव्हती. अक्षर हललं. गृहस्थ "असं, असं" म्हणत पुढे गेले.

मला कैलासकडे बघवेना. त्यानेच थोड्या वेळाने विचारलं, "किती दिस लागलं?"

"एकवीस."

"डावी बरी जमलीया तुमाला. उजवी तुमच्या मनची हाय."

"फोटोच डावीचा होता," मी म्हणालो. मग त्याच्या बोलण्याचा अर्थ लागला. "म्हणजे त्या दिवशीच तुला कळलं होतं? मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? जल्मभर सरळ वढली तुमी. माझ्यापायी वाकडी शिकलात. त्याला नाव ठिवू का?"

मी रडलो. हॉलमध्ये, शंभर माणसांत, सत्तराव्या वर्षी. मी त्याला म्हणालो, कैलास, मला माफ कर, मी तुझी शेवटची रेघ मोरीत घालवली. तो नको म्हणाला नाही, असू द्या म्हणाला नाही. नुसता माझा गुडघा दाबून बसून राहिला.

मग मी विचारलं, "उजवी कशी होती रे?"

त्याने इंजिन मागितलं. मी हातात दिलं. त्याने बॉयलरवर बोट ठेवलं आणि सांगू लागला. "हितनं निघाली. हितं जरा खाली गेलती, ढग आला हुता त्या दिशी. हितं दम घेतला. ही चढली बघा, म्हंजी उलशीक जास्तच चढली. आन हितं, हितं मला दिसली. लख्ख दिसली. येवढी येक इंच सरळ हाय, बघा."

मी वाकून बघत होतो. त्याचं बोट पुढे सरकत होतं, आणि ते जिथून सरकलं तिथे माझीच रेघ होती.